शीव : एक शब्द, एक गाव आणि लग्नाचा एक फोटो

श्रोतेहो, तुमच्या गावाची शीव कुठे आहे, असा प्रश्न मी विचारला तर तुमच्यापैकी बहुतेकजण क्षणात उत्तर देतील. कोणी ओढ्याकडे बोट दाखवील, कोणी शेंदूर फासलेल्या दगडाकडे, कोणी मारुतीच्या देवळाकडे. शीव म्हणजे गावाची हद्द. मूळ संस्कृत शब्द सीमा. बोलता बोलता त्याची शीव झाली. लग्नाचं वऱ्हाड गावात यायचं ते या शिवेवर थांबून. वधूकडची मंडळी वाजतगाजत सामोरी जायची, नवरदेवाचे पाय धुवायची, त्याला वस्त्र आणि नारळ द्यायची आणि मग त्याला गावात घ्यायची. हेच आपलं सीमांतपूजन. सीमांत म्हणजे सीमेचा शेवट. काही भागांत याच विधीला शेवंती म्हणतात. हल्ली हा विधी कार्यालयातल्या पाटावरच उरकतात आणि त्याच्या नावात शीव कशासाठी आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही.

आज या शिवेबद्दलच बोलायचं आहे; पण ते आमच्या घरातल्या एका जुन्या फोटोच्या आधाराने.

आमच्या आजीच्या ट्रंकेत तळाशी, लग्नातल्या शालूखाली, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो होता. कडा कसरीने खाल्लेल्या, रंग चहासारखा पिवळट. घरात सगळे त्याला ‘आजीच्या लग्नाचा फोटो’ म्हणत. गंमत अशी, की त्या फोटोत आजी नव्हतीच. मध्यभागी पाटावर नवरदेव, म्हणजे आमचे आजोबा. समोर खाली बसलेले एक गृहस्थ, त्यांच्या हातात तांब्या. शेजारी समई, तबक, नारळ. भोवती पुरुषमंडळी, काहींच्या डोक्याला पगडी, काहींच्या टोपी. मागे सोडलेल्या बैलगाड्या, आणि त्यांच्याही मागे झाडी व एक टेकडी. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं : ‘शीव. वै. व. ५’. वैशाख वद्य पंचमी. साल नाही.

आजोबा तरुणपणीच नोकरीच्या निमित्ताने देशावर आले आणि आम्ही सारे देशावरचेच होऊन गेलो. त्यामुळे फोटोमागचा शब्द वाचून आम्ही म्हणायचो, कुठल्यातरी गावाच्या शिवेवर काढलेला फोटो असेल. आजीला नीट बसवून विचारावं, हे कोणाला सुचलं नाही. आजी गेली. मग मात्र तो फोटो पुन्हा पुन्हा हातात यायला लागला. माणसं असेपर्यंत आपण फोटो पाहत नाही आणि फोटो पाहायला लागतो तोवर माणसं उरलेली नसतात. हा अनुभव तुम्हालाही असेल.

एके दिवशी भिंग घेऊन फोटो पाहत असताना पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात उठावाची पुसट अक्षरं दिसली. फोटोग्राफरचं नाव गेलेलं होतं, पण गावाचं नाव शिल्लक होतं : दादर. दादरचा फोटोग्राफर, तो काही देशावरच्या खेड्यात वैशाखाच्या उन्हात काचेच्या पट्ट्या आणि तिकाटणं घेऊन आला नसणार. तेव्हा मनात आलं, ‘शीव’ हे इथे हद्दीचं नाव नसून गावाचंच नाव नसेल ना? मुंबईतलं शीव, ज्याला आज निम्मे लोक ‘सायन’ म्हणतात?

आणि इथून पुढे एका कुटुंबाची गोष्ट एका गावाच्या गोष्टीला जाऊन मिळाली.

शीव या गावाला हे नाव का पडलं, ते नकाशा पाहिला की लगेच कळतं. आज सलग दिसणारी मुंबई पूर्वी बेटांची होती. माहीम, माटुंगे, वडाळा, शीव हा या बेटांचा उत्तरेकडचा भाग. शिवेच्या पलीकडे खाडी आणि दलदल, आणि खाडीपलीकडे साष्टी हे मोठं बेट. त्यावर कुर्ला, अंधेरी, ठाणे ही गावं. म्हणजे शीव ही खरोखरच मुंबईची शीव. पोर्तुगीजांनी आणि नंतर इंग्रजांनी हे नाव आपापल्या जिभेने उच्चारलं, लिहिलं आणि त्याचं ‘सायन’ झालं. यरुशलेमच्या झायन टेकडीवरून हे नाव आलं, असंही कोणी सांगतात. पण गाव हद्दीवर आहे आणि मराठीत हद्दीला शीव म्हणतात, हे समोर दिसत असताना इतक्या दूर जायचं काय कारण?

या शिवेचा इतिहासही एका लग्नापासूनच सुरू होतो, बरं का! इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार १६६१ साली झाला आणि त्यात मुंबई इंग्रजांना आंदण म्हणून देण्याचं ठरलं. १६६५ साली ताबा द्यायची वेळ आली, तेव्हा आंदणात नेमकं काय येतं यावर तंटा उभा राहिला. पोर्तुगीज म्हणायचे, मुंबईचं बेट तेवढं तुमचं. माहीम, शीव, धारावी, वडाळा ही गावं त्यात नाहीत. इंग्रजांनी ती गावंही बळकावली. लग्नातल्या देण्याघेण्यावरून व्याह्याव्याह्यांत होणारी भांडणं आपल्याला नवीन नाहीत; इथे फक्त व्याही राजे होते, आणि ज्या कोळ्या-भंडाऱ्यांची ती गावं, त्यांना कोणी विचारलं नाही. पुढे १६६८ साली इंग्लंडच्या राजाने हे आंदण वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवलं. जेराल्ड अँजियर हा मुंबईचा गव्हर्नर असताना, म्हणजे १६६९ ते १६७७ या काळात, शिवेच्या टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला. शीव म्हटली की पहारा आलाच.

खाडीच्या पलीकडचे धनी मात्र बदलत गेले. साष्टीवर आधी पोर्तुगीज होते. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई पडली. तेव्हापासून शिवेच्या किल्ल्यावरून समोर पाहिलं, की मराठ्यांचा मुलूख दिसे. १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. दोन्ही काठ एकाच सत्तेखाली आले, पण मध्ये पाणी होतंच. जोनाथन डंकन गव्हर्नर असताना शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध घातला गेला. १८०५ पर्यंत तो वापरात आला होता. माहीम आणि वांद्रे यांच्यामधला बांध १८४५ साली खुला झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले. मग १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तीही शिवेवरूनच.

आता पुन्हा फोटोकडे वळू. मी मुंबईला गेलो आणि शिवेच्या टेकडीच्या भोवती फिरलो. इमारतींमुळे टेकडी सगळीकडून दिसत नाही. पण एका रस्त्याच्या टोकाशी ती दिसली आणि हातातल्या फोटोतल्या टेकडीशी तिचा उतार जुळला. भिंगाखाली जो दगडांचा ढीग वाटला होता, तो किल्ल्याचा तट निघाला.

तिथून मी आजीच्या धाकट्या बहिणीकडे, आमच्या मावशीआजीकडे गेलो. नव्वदीच्या घरात होती. दृष्टी अधू, पण आठवण लख्ख. फोटो डोळ्यांजवळ धरून ती म्हणाली, “अरे, ही शिवेवरची शीव!” मी म्हटलं, “म्हणजे?” ती म्हणाली, “आमचं घर शिवेला, तुझे आजोबा कुर्ल्याचे. वऱ्हाड बैलगाड्यांतून बांधावरून आलं. बाबा म्हणाले, आपल्या गावाचं नावच शीव आहे, तर पूजन शिवेवरच करायचं, दारात नाही. नवरी काय शिवेवर नेतात होय? ताई घरात मोहरीच्या डाळीसारखी कोपऱ्यात बसली होती.”

पाहा, दोन्ही अर्थ खरे निघाले. आणि आजी फोटोत का नाही, त्याचाही उलगडा झाला. सीमांतपूजनाला मान नवरदेवाचा. नवरी त्या वेळी घरात असते. फोटोत काय आहे यापेक्षा काय नाही, यावरून तो कसला फोटो आहे ते कळलं.

राहिलं साल. इथे शिक्षक मंडळींनी जरा लक्ष द्यावं. कारण ही रीत वर्गात शिकवण्यासारखी आहे. फोटोतल्या दोघातिघांच्या डोक्याला गांधी टोपी आहे. ही टोपी १९२० च्या सुमारास असहकाराच्या चळवळीबरोबर लोकांत पसरली. म्हणजे फोटो त्याआधीचा नसावा. मावशीआजी सांगे, लग्नात ताई तेरा वर्षांची. मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. कायदा झाला म्हणून बालविवाह लगेच थांबले नाहीत, हे खरं. म्हणून याला पुरावा म्हणायचं नाही, खूण म्हणायचं. दोन खुणा एकत्र ठेवल्या, की १९२० ते १९३० ही दहा वर्षं हाती येतात. मी फोटोमागे एवढंच लिहिलं. नक्की साल ठाऊक नसताना ठोकून द्यायचं नाही.

गावांची नावंही अशीच साल सांगायला मदत करतात. दादरचं आजचं शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली शिवरायांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने ते शिवाजी पार्क झालं. एखाद्या लग्नपत्रिकेवर ‘माहीम पार्कजवळ’ असं असेल, तर ती त्या सुमाराची असण्याचा संभव मोठा. उलट काही नावं वस्तू गेल्यावरही मागे राहतात. मुंबईतली ट्रॅम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली, ती दादरपर्यंत. ट्रॅम गेली, रूळ गेले, पण ‘दादर टी.टी.’, म्हणजे ट्रॅमचा शेवटचा थांबा, हे नाव ट्रॅम कधी न पाहिलेली मुलंसुद्धा घेतात.

जुनी नावं जमिनीची आठवण ठेवतात. उमरखाडी म्हणताना उंबर आणि खाडी दोन्ही तोंडी येतात. खाडी केव्हाच बुजली. पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. तिथे एके काळी पाणी होतं, हे त्या नावानेच लक्षात ठेवलं. वडाळ्यात वड आहे, चिंचपोकळीत चिंच आहे. दादर म्हणजे जिना किंवा पायऱ्या. कुर्ल्याचं नाव खाडीतल्या कुर्ल्यांवरून पडलं, असं सांगतात. मात्र नावांच्या गोष्टी पारखून घ्याव्यात. भेंडीबाजार हे इंग्रजी शब्दांवरून आलं, अशी एक मजेदार कथा सांगतात. पण आसपासच्या इतक्या नावांत झाडं असताना भेंडीच्या झाडांवरून हे नाव पडलं, असं मानणं अधिक सरळ. भाजीची भेंडी नव्हे बरं. किनाऱ्यावर उगवणारं, पिवळ्या फुलांचं मोठं भेंडीचं झाड.

शिवेचं खेडेपण कसं गेलं, तेही दोन शब्दांत सांगायला हवं. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली. म्हणून १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पुढल्या काळात दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूला रुंद रस्ते आणि मोकळ्या जागा सोडून नव्या वसाहती आखल्या. शेतं, वाड्या आणि मिठागरं यांच्या जागी प्लॉट आले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावं त्या आखणीची. १९४७ नंतर फाळणीमुळे घरदार सोडून आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांना शीव-कोळीवाड्याच्या छावणीत आसरा मिळाला. तिथल्या स्टेशनचं कोळीवाडा हे नाव पुढे गुरू तेगबहादूर नगर झालं. हाताला येईल ते घेऊन निघालेल्या त्या माणसांच्या बोचक्यात आईबापांच्या लग्नाचा फोटो असणं ही नशिबाची गोष्ट. त्यांच्या मुलाबाळांच्या लग्नाचे फोटो मात्र याच मातीवर निघाले. एकाच जागेला दोन नावं लागली, ती दोन्ही खरी. एक कोळ्यांच्या होड्यांची आठवण देतं, दुसरं विस्थापितांच्या नव्या घरांची.

आणि शीव? मुंबई शहराची हद्द १९५० पर्यंत माहीम आणि शीव इथेच संपत होती. त्या वर्षी ती जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली; १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. कुर्ला हे परगाव राहिलं नाही. माझे पणजोबा तांब्या घेऊन ज्या जागी बसले, ती त्या वेळी शहराची खरोखरीची हद्द होती. आज ती शहराच्या पोटात आहे. शीव पुढे सरकली, नाव जागेवर राहिलं.

आता शेवटची एक गोष्ट सांगतो. फोटोच्या उजव्या कडेला, झाडाच्या आडोशाला, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी आहे. घोळक्यापासून बरीच लांब. मी इतकी वर्षं ती कोणी वाटसरू समजत होतो. मावशीआजीने त्या जागी बोट ठेवलं आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, “ही आत्या. बाबांची बहीण. लहानपणी नवरा गेला. आई आजारी असायची, आम्हां दोघींना हिनंच वाढवलं. लग्नकार्यात पुढं यायची नाही ती, येऊ द्यायचेही नाहीत. पण बघ, शिवेपर्यंत आली होती.”

मी विचारलं, “नाव काय त्यांचं?”

मावशीआजीने बराच वेळ आठवून पाहिलं. “आम्ही तिला आत्याच म्हणायचो रे.”

ज्या बाईने माझ्या आजीला वाढवलं, तिचं नाव आज आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. ट्रॅम गेली तरी टी.टी. राहिलं, खाडी गेली तरी उमरखाडी राहिली. कारण ती नावं रोज चारचौघांच्या तोंडी होती. आत्याचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं, ते गेलं. नाव जमिनीची आठवण ठेवतं आणि फोटो माणसाची ठेवतो. पण फोटोमागे नाव लिहिलेलं नसेल, तर फोटोही मुका होतो.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. येत्या सुट्टीत घरातले जुने लग्नाचे फोटो बाहेर काढा आणि ते घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी, विशेषतः बायकांपाशी, बसा. पाच गोष्टी विचारा : ही माणसं कोण, डावीकडून उजवीकडे क्रमाने. फोटो कुठे काढला, आणि त्या जागेला तेव्हा काय म्हणत. मागे दिसणारं झाड, विहीर, देऊळ आज आहे का. वऱ्हाड कुठून, कोणत्या वाटेने, कशातून आलं. आणि या लग्नाला असायला हवं होतं, पण फोटोत नाही किंवा कडेला आहे, असं कोण होतं. हा पाचवा प्रश्न विसरू नका.

उत्तरं फोटोमागे कडेला, मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून लिहा. शाईचं किंवा बॉलपेन वापरू नका; शाई पुढे फुटते आणि टोकाचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. ओल्या फडक्याने फोटो पुसू नका. मोबाइलवर प्रत काढून ठेवा, पण मूळ फोटो टाकू नका. शिक्षकांनी मुलांकडून गावाचा एक नकाशा करून घ्यावा आणि त्यावर सरकारी नावांबरोबर शेतांची, पाणवठ्यांची, पारांची, वाटांची बोलीतली नावं भरावीत. इतिहासाच्या पुस्तकात तुमच्या गावाचं नाव नसलं, तरी असा एक कागद शाळेच्या कपाटात राहील.

आमच्या त्या फोटोमागे आता ‘शीव. वै. व. ५’ याच्या खाली आणखी दोन ओळी आहेत. पहिली : ‘मुंबईजवळचे शीव, सीमांतपूजन, १९२० ते १९३० च्या दरम्यान.’ दुसरी : ‘उजवीकडे झाडाशी – आत्या.’